एकाहत्तर नंबरची ट्राम

एंगेलबर्टनं फोन ठेवला आणि टेबलावर मूठ आपटली.

"ऐक बुर्गी! आमचा सेव्हेरिन ब्याऐंशीव्या वर्षी व्हिएन्नात एकटा ट्रामनं हिंडतोय. आणि तुला कोंबड्यांपर्यंत जायला काठी लागते!"

"तो स्वतः बोलला?" बायकोनं विचारलं.

"त्याची घरमालकीण बोलली. म्हणाली, मंगळवारीच त्यांनी एकाहत्तर नंबरची ट्राम पकडली. मी म्हटलं, वा, झकास! सांगा त्याला, शुक्रवारी धाकटा भाऊ येतोय. बाई गप्पच झाली. शहरातली माणसं तुसडी ती तुसडीच."

तेरा वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. बापाचं घड्याळ सेव्हेरिननं लांबवलं, असं एंगेलबर्ट गावभर सांगत सुटला होता. गेल्या महिन्यात ते घड्याळ गोठ्याच्या माळ्यावर गवतात सापडलं. म्हणून ही व्हिएन्नाची तयारी. टेबलावर कागद होता. आठ दहाची गाडी. दुपारी जेवण. मग माफी, पंधरा मिनिटं.

"पंधरा?" बुर्गी म्हणाली. "तेवढी तर तुझी खाकरण्यातच जातील."

एवढ्यात नात दूध घेऊन आत आली. फ्रोनी चार वर्षं व्हिएन्नात नर्स होती.

"बरी आलीस. ही एकाहत्तर नंबर कुठं जाते गं?"

"कशाला, आजोबा?"

"सेव्हेरिननं मंगळवारी पकडली म्हणे."

फ्रोनीनं किटली खाली ठेवली. "असंच म्हणाल्या? याच शब्दांत?"

"मग काय मी गाणं रचतोय?"

"आजोबा, ती ट्राम मोठ्या दफनभूमीला जाते." ती जरा थांबली. "व्हिएन्नात माणूस वारला की तसंच म्हणतात. एकाहत्तर पकडली म्हणतात."

बुर्गीनं छातीवर क्रुसाची खूण केली. एंगेलबर्ट फोनकडे बघत राहिला.

"आणि मी झकास म्हटलं," तो म्हणाला.

किटलीतल्या दुधावर साय धरायला लागली. मग त्यानं कागद पुढं ओढला.

"उतरायचं कुठं?"

"दफनभूमीच्या दुसऱ्या दाराशी," फ्रोनी हळूच म्हणाली.

त्यानं लिहून घेतलं.

"म्हणजे जायचंच?" बुर्गीनं विचारलं.

"जायचं." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "लहानपणापासून माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्यानं. आता ऐकेल."