बिननावाचं तळं

विजयेंद्र कॅनडातल्या एका तळ्यात होडीसकट नाहीसा झाल्यापासून तुंगाबाई रोज त्याच्या तिकडच्या मित्राला, सुदीपला, फोन लावायच्या. इथं लाखो तळी आहेत, कित्येकांना नावंच नाहीत, हेही त्यातलंच, असं तो सांगे.

"अय्यो, आमच्या म्हैसुरात डबक्यालासुद्धा नाव असतं रे! बिननावाच्या जागी माणूस शोधतात तरी कसा? आधी त्या तळ्याला नाव द्यायला सांग!"

आज सुदीपचाच फोन आला. "काकू, सरकार त्या तळ्याला विजयेंद्रचं नाव देणार आहे."

शेजारी बसलेले तिरुमलराव गहिवरले. "बघ, नकाशावर आपल्या पोराचं नाव!"

तुंगाबाईंनी फोन घट्ट धरला. "सुदीप, तिकडं जिवंत माणसाचं नाव देतात?"

"नाही काकू, गेलेल्यांचंच देतात," तो हळूच म्हणाला.

"मग नको रे बाबा नाव. नुसतं शोधा म्हणावं."