बचाव मोड

“आई, पुन्हा हरलात!” सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. सासूबाईंना त्याचं काहीच नव्हतं. “अगं, पण सगळी आली की आत,” त्या म्हणाल्या. खरंच आली होती. फुटलेल्या यानांतून बाहेर फेकले गेलेले झाडून सगळे अंतराळवीर त्यांच्या जहाजात सुखरूप बसले होते. जहाज मात्र दुसऱ्या टप्प्यातच अडकलं होतं, कारण पुढे जाण्याइतके गुण नव्हते.

सून हा खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. खेळात तीन मोड होते. ‘धडाका’मध्ये वेळ संपेपर्यंत दिसेल ती शत्रूची तबकडी उडवायची. ‘तग’मध्ये नुसतं जिवंत राहायचं. आणि ‘बचाव’मध्ये शत्रूच्या गर्दीतून अडकलेल्यांना उचलून आणायचं. पहिले दोन इतरांचे. ‘बचाव’ तिचा एकटीचा, वर्षभर जिवाचं रान करून उभा केलेला. आणि नेमका तोच कुणी खेळेना. ऑफिसातले लोक एकदा चाखून बघायचे आणि परत ‘धडाक्या’त पळायचे. साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “आज संध्याकाळपर्यंत एक तरी नवखा माणूस तिसऱ्या टप्प्याच्या पार गेलेला दाखवा. नाहीतर तो मोड काढून टाका. उगाच घोंगडं भिजत ठेवू नका.”

घरात नवखं माणूस एकच होतं. तेही असं, की जिंकण्यासाठी काय वाटेल ते करेल. पत्त्यांत सासूबाई पोटच्या पोराला फसवायच्या, शेजारणीची पानं चष्म्यावरून बघायच्या, आणि वर “लक्ष कुठंय तुझं?” म्हणून तिलाच झापायच्या. ही बाई हरणं शक्य नाही, अशी सुनेची खात्री होती. ती खात्री दुपारच्या चहापर्यंतही टिकली नाही.

“हे बघा,” तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “नेम न चुकवता मारत राहिलं, की गुण दुप्पट, चौपट, पार आठपट होतात. माणूस उचलायला दार उघडलं, की तोफ बंद. तोफ बंद झाली, की चढलेली पट गेली, पुन्हा साधे गुण. म्हणून आधी मारायचं. वाटेत आला, तर एखादा उचलायचा.”

“आणि वाटेत नसला तर?”

“तर सोडायचा!”

“बरं,” सासूबाईंनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. आणि पहिला अंतराळवीर दिसताच जहाज गर्रकन वळवलं. “थांब रे राजा, आले हं, आले!”

पालथ्या घड्यावर पाणी! सुनेचा संताप संताप झाला. रडूच यायला लागलं तिला. खरं तर राग एकट्या सासूबाईंचा नव्हता. तिन्ही मोडना गुणांचे नियम एकच हवेत, म्हणजे सगळ्या खेळाडूंची नावं एकाच यादीत लावता येतील, हा साहेबांचा हट्ट. तिने तो निमूटपणे मान्य केला होता. तेव्हापासून ती आपला मोड ‘धडाक्या’च्या मापात कोंबत बसली होती. माणसामागे चार गुण वाढव, तबकड्या कमी कर, वेळ थोडा सैल सोड. काही केल्या बसत नव्हता.

“द्या इकडे,” म्हणत तिने कंट्रोलर ओढून घेतला.

“हळू. रिमोट पडेल.”

सून सुसाट सुटली. दुप्पट. चौपट. डावीकडे एक जण एकटाच तरंगत होता. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला घेरायला तबकड्यांचा घोळका जमला, तेव्हा मात्र वळली आणि एका दमात सगळ्या उडवल्या. आठपट! तसंच जहाज पुढे दामटलं. बघता बघता तिसरा टप्पा पार झाला.

“बघितलंत? असं खेळायचं.”

सासूबाईंनी गुणांकडे पाहिलंच नव्हतं.

“तो मागे राहिला गं,” त्या म्हणाल्या.

“राहू दे. एकाने काही अडत नाही.”

“हात हलवत होता.”

“सगळेच हलवतात, आई. मीच केलंय ते.”

“तू केलंस?” सासूबाई एकदम खुलल्या. “तरीच! मी मघापासून म्हणतेय, कुणी केलं असेल हे? आपण मागे वळावं असं हे करणाऱ्याला फार वाटत असणार. नाहीतर एवढ्याशा हातासाठी कोण एवढं मरमर करतंय?”

त्या हातासाठी सुनेने अख्खा आठवडा घालवला होता. हवा संपत आली की हात मंदावला पाहिजे, पण थांबता कामा नये. ते जमेपर्यंत ती आरशासमोर उभी राहून स्वतःचाच हात हलवून बघायची. आणि आत्ता तो डोळ्यांदेखत हलत होता, तर तिला दिसलासुद्धा नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

“काय झालं? गेलं कुणी तिसऱ्याच्या पार?”

“नवखं कुणी नाही, सर.”

“मग? काढून टाकताय ना?”

“हो, तेच करतेय,” लॅपटॉप पुढे ओढत ती म्हणाली. “मोड नाही, सर. ‘बचाव’मधले गुण.”