न प्यायलेली कॉफी

टक्.

तसवाहनने कॉफीचा बिनकानाचा कप ओठांना न लावताच समोरच्या तबकात ठेवला. दुपारच्या सुस्त बैठकीत तेवढाच आवाज झाला.

शिक्षण खात्याचा इंजिनिअर मुहन्नद किटली हातात धरून तसाच उभा राहिला. जो पाहुणा कप असा न पिता खाली ठेवतो, तो काही मागायला आलेला असतो. शब्द मिळेपर्यंत तो पीत नाही. पण ही सगळी पुरुषांची रीत, आणि समोर बसली होती तसवाहन, शहलाची आई.

“उम्म शहला, हे बायकांनी कधीपासून सुरू केलं?”

“शाळा बायकांनी शाकारली तेव्हापासून.”

तापलेल्या पत्र्याखाली मुलं घेरी येऊन पडायला लागली, तेव्हा गावातल्या बायकांनी बोरूच्या चटया विणून शाळेच्या छपरावर बांधल्या होत्या. आता मुलं निदान फळ्याकडे बघत होती. उद्या मुहन्नदची माणसं त्या चटया उतरवणार होती.

“बोरू पेट घेतो. काही झालं तर? त्यापेक्षा ऊन उतरेपर्यंत शाळा बंद ठेवू.”

“मुलग्यांची बंद झालेली शाळा उघडते, उस्ताद. मुलींची बंद झाली की सोयरीक येते.”

आईला टेकून बसलेल्या शहलाने एसीच्या वाऱ्याकडे तोंड केलं होतं, डोळे मिटून.

“कॉफी निवतेय,” मुहन्नद म्हणाला.

“निवू दे. तुमच्या घरात सगळंच छान निवतं.”

आतल्या दारातून त्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, “तुझ्या बापाच्या बैठकीत कुणाचा कप असा निवला नाही.”

“यूम्मा, तिथं बाई यायचीच नाही.”

“आता आलीय ना.”

मुहन्नदने किटली खाली ठेवली. 

“चटया राहतील. पण शाळेत पाण्याची पिंपं भरलेली हवीत. रोज.”

“भरू.”

“प्या आता.”

कॉफी गार, कडूजहर झाली होती. तसवाहनने ती थेंबन्‌थेंब प्यायली, आणि पुरे म्हणून रिकामा कप हलवून त्याच्या हातात दिला.

बाहेर पायरीवरच ऊन अंगावर आलं. शहलाने आईच्या अबायाचं टोक स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतलं. कोपऱ्यापर्यंत दोघी तशाच चालल्या. मग शहला थांबली.

“यूम्मा, पुढच्या वर्षी ऊन आणखी वाढलं, तर कुणाच्या घरी कप ठेवायचा?”