हिरांचा खराटा

मुनाफने खराटा बॅगेत कोंबला. दांडा बाहेर राहिला. राहू दे. श्रीवर्धनच्या माडाच्या हिरांचा होता, घरून आणलेला. कंपनीच्या बापाचा नव्हता.

जुबैलच्या हायड्रोजन प्लांटवर त्याची बावीस वर्षं गेली. आता त्या जागेवर सौदीच माणूस हवा, असा हुकूम. बसणार फहद, आणि त्याला शिकवायचं मुनाफनेच. फाशी जायचं ते जायचं, वर दोरही आपणच वळून द्यायचा! तीन महिने त्याने सगळं शिकवलं. एक सोडून.

हायड्रोजन गळून पेटला तर भर उन्हात ज्वाळा दिसत नाही. माणूस सरळ तिच्यात चालत जातो. म्हणून जुनी माणसं खराटा पुढे धरून पाइपांमधून फिरायची. हीर पेटले की जागीच थांबायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि जाणणारे सगळे आधीच घरी धाडले होते.

‘शिकेल पोळून,’ मुनाफ मनात म्हणाला. निरोप देताना फहदने त्याच्या कपाळाचा मुका घेतला, बापाचा घेतात तसा. तरी मुनाफने खराट्याचं सांगितलं नाही.

टॅक्सी दम्मामच्या विमानतळाकडे निघाली, तोच पुण्याहून तस्नीमचा फोन. पोरगी आकाशातल्या हायड्रोजनवर संशोधन करत होती. आज तिचं पहिलं भाषण.

“अब्बा, झकास झालं! ताऱ्यांच्या मधला गार हायड्रोजन दाखवला. धाग्यांसारखा पसरलेला, उजेडालाही या टोकाचं त्या टोकाला जायला शेकडो वर्षं लागतील एवढा. पण स्वतः दिसत नाही. मागचा उजेड जिथे अडतो, तिथे तो आहे म्हणायचं. लोकांना कळेना. मग तुमचा खराटा सांगितला! म्हटलं, न दिसणारं शोधायला मला बापाने शिकवलं.”

मुनाफची नजर बॅगेबाहेरच्या दांड्यावर गेली.

“त्या फहदलाही शिकवलंत ना?”

“गाडी घुमाव!” तो ड्रायव्हरवर ओरडला.

“फ्लाइट जाएगी, चाचा.”

“जाने दे.”

पास सकाळीच जमा झाला होता. प्लांटच्या गेटवर गार्डने अडवलं. फहद आत युनिटमध्ये, आणि तिथे मोबाइल नेता येत नाही. मुनाफने खराटा गार्डच्या हातात कोंबला.

“फहद को दे. अभी. बोल, आगे पकड के चलना. जान का सवाल है, भाई.”

“हाँ हाँ, दे दूँगा. आपका खलास हो गया ना? यल्ला, रास्ता छोडो.”

टॅक्सी वळली. मुनाफने मागे पाहिलं.

गार्ड केबिनसमोरची वाळू झाडत होता.