लांबून हाक

या, अलीकडं सरकून बसा मायबाप. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. गोष्ट एवढीशी आहे, ऐका आणि मग पुन्हा भजनाला लागू.

लष्करी दवाखान्याच्या बाकावर भिंतीला पाठ लावून राधाकिशन फौजी बायकोला पढवत होता.

"आत काय सांगायचं?"

"गुडघा दुखतो म्हणायचं," दैवशाला म्हणाली.

"नुसता दुखतो न्हाई. उठता येत न्हाई, बसता येत न्हाई. तू धरून नेतीस."

"मी कवा धरून नेलं? तुमीच मला मागं टाकून जाता."

राधाकिशननं इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या बाकावरचा माणूस पेपर वाचत होता, पण मघापासून पान उलटत नव्हता.

सरहद्दीवर रस्त्यात पेरलेल्या सुरुंगानं त्याची गाडी उडाली होती, गुडघा फुटला होता. वीस टक्के अपंगत्व लावून फौजेनं त्याला घरी धाडलं. आपल्या गावी, ताडकळसला आल्यावर तो दोन ठिकाणी गेटवर राखणदार म्हणून लागला. दोन्ही नोकऱ्या सुटल्या. गुडघा साथ देत नाही, असं तो सांगे. टक्के वाढले तर पेन्शन वाढेल, मग कुणाच्या गेटवर उभं राहायला नको. त्यासाठीच आजची फेरतपासणी होती.

धास्ती होती ती दैवशालाची. गळ्यात माळ घातल्यापासून बाईच्या तोंडून खोटं निघेना. परवा एसटीत कंडक्टर अर्धं तिकीट फाडायला लागला, तर हिनं आपण होऊन सांगितलं, थोरल्याला बारा पूर्ण झाले, पुरं तिकीट द्या.

आणि गावावर तर त्याचा पक्का शक होता. वर्षभरापासून गावाची चाल बदलली होती. तो बाजारात शिरला की लांबूनच कुणीतरी ओरडे, "फौजी, राम राम!" ते ऐकून पुढचे चार जण माना वर करत. शेजारचा गोपाळ मोटारसायकलवर मागून यायचा तो पार वळणापासून हॉर्न वाजवत. हॉटेलवाले भगवानराव सगळ्यांच्या हातात कप देत, याचा मात्र टेबलावर ठेवून हळूच पुढं सरकवत. आपण दिसलो की हे एकमेकांना इशारा देतात, लंगडतो का नीट चालतो ते बघतात, आणि कुणीतरी वर पेन्शनवाल्यांना कळवतंय, असं त्यानं मनाशी धरलं होतं. म्हणून तो बाजारात मुद्दाम जास्त लंगडायचा. घाईत कधी भलत्याच पायानं.

नाव पुकारलं गेलं. आत डॉक्टर म्हणून मेजर बाई होत्या, बोलायला मराठी. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, जुना एक्स-रे नव्याशेजारी धरला.

"गुडघा होता तसाच आहे," त्या म्हणाल्या आणि दैवशालाकडं वळल्या. "ताई, घरी यांना काय त्रास होतो?"

राधाकिशननं बायकोकडं पाहिलं. पाहिलं कसलं, डोळ्यांनी दटावलंच.

"गुडघ्याचं म्हणाल तर मॅडम, धाकटीला पाठीवर घेऊन हे अंगणभर घोडा होतेत."

"झालं," राधाकिशन पुटपुटला. "घरातच फितुरी."

"पण मागल्या साली सप्त्यात बन्सीधरबुवा बुक्का लावत फिरायले होते. मागून ह्यांच्यापाशी आले. हात तोंडापुढं आला, आन् ह्यायनी मनगट धरून पिरगाळलं. म्हाताऱ्याचं हाड मोडलं."

"बुवा वट्यावरून पडले होते," राधाकिशन म्हणाला. त्याला एवढंच आठवत होतं की तोंडापुढं काहीतरी आलं, आणि मग तो देवळाबाहेर लिंबाखाली उभा होता, अंग घामानं निथळत.

"पडले न्हाईत. त्यायनीच सगळ्यांना तसं सांगा म्हणलं. पोरगं मनानं अजून तिकडं सरहद्दीवरच हाय, त्याला कुणी बोलू नका, म्हणले." दैवशालानं पदर सावरला. "गेटवरच्या नोकऱ्याबी अशाच गेल्या, मॅडम. कुणी मागून खांद्याला हात लावला की संपलं. मग मी घरोघर गेले. पाया पडून सांगितलं, ह्यांच्याकडं जाताना लांबून हाक मारा. मागून जाऊ नका. एकदम हात पुढं करू नका."



"गोपाळचा हॉर्न?" राधाकिशननं विचारलं.

"त्यालाबी मीच सांगितलं."

त्यानं आपले तळहात उलटेपालटे करून बघितले.

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुमी माझं तरी खरं धरलं असतं का?"

मेजर बाईंनी पेन उचललं. "अर्ज गुडघ्याचा आहे. ही जखम मनाची, तिचे डॉक्टर वेगळे. मी त्यांच्याकडं पाठवते. पण कागदावर एकदा आलं की चार लोकांना कळणार. लिहू?"

"गावाला कवाच कळलंय, मॅडम," राधाकिशन म्हणाला. "मलाच ठाऊक नव्हतं. लिहा."

तर मायबाप, टक्के किती वाढले ते विचारू नका, निकाल अजून यायचा आहे. उद्या काल्याचं कीर्तन. कपाळाला बुक्का लागेल तेव्हा बन्सीधरबुवांची आठवण ठेवा. त्यांचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. आता ते डाव्या हातानं लावतात. आणि हाताला काय झालं म्हणून कुणी विचारलं, तर अजूनही सांगतात, वट्यावरून पडलो.