मंगळवारची रजा

“येत्या मंगळवारी जातुयास नव्हं?” हैबतरावांनी फायलीतून मान वर न काढता विचारलं.

“व्हय, रावसाहेब. आईची औषधं आणायची हायेत पुण्यासनं,” जयसिंग म्हणाला.

“माघारी कंच्या गाडीनं?”

“साडेचारच्या.”

हैबतरावांनी कोटाच्या खिशातून छोटी वही काढली, काहीतरी टिपलं आणि वही परत खिशात सारली. रजा सहज मिळाली होती. नेहमीच मिळायची. हेच जयसिंगला खुपत होतं.

मुळशी धरणाच्या त्या कचेरीत माणसं तीन. हेडक्लार्क हैबतराव, त्यांच्या हाताखाली जयसिंग आणि म्हातारा शिपाई गेणबा. पाण्याची पातळी मोजून रोज मुंबईला कळवायची. त्यामुळे दोघा बाबूंपैकी एक जण कचेरीत हवाच, असा मोठ्या साहेबांचा सक्त हुकूम होता. मागं एका कारकुनानं न विचारता वकिलीचा अभ्यास चालवला, तर साहेबांनी त्याला उभ्या उभ्या घरी बसवलं होतं.

जयसिंगची आई ठणठणीत होती. मंगळवारी तो जायचा तो पुण्याच्या फ्लाइंग क्लबात. विमान चालवायचं साधं लायसन्स त्यानं कॉलेजात असतानाच मिळवलं होतं. पण वैमानिक म्हणून नोकरी धरायची तर वरचं, ‘बी’ लायसन्स लागायचं. त्याला अडीचशे तासांचं उड्डाण हवं. शिवाय हवामान, नकाशे आणि बिनतारी यंत्राच्या परीक्षा. एकशे नव्वद तास भरले होते. बाकीचे भरेपर्यंत नोकरी टिकवायची होती आणि साहेबांना कळलं तर ती टिकणार नव्हती.

म्हणून त्यानं दिवसाचा मिनिट न् मिनिट बांधून घेतला होता. रविवारची हजेरी आपणहून अंगावर घेतली आणि बदल्यात मंगळवार मागितला, कारण रविवारी क्लबात झुंबड असे आणि मंगळवारी विमान मोकळं मिळे. रविवारी पाण्याच्या दोन नोंदींच्या मधे नकाशे. रोज उजाडताना तासभर हवामान. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर हे सगळं आखलेलं होतं आणि वर्षभर त्यात खाडा पडला नव्हता. त्यात न बसणारी गोष्ट एकच, हैबतरावांचे प्रश्न.

त्या मंगळवारी एस.टी.ची वाट बघत तो सारजाबाईच्या टपरीवर चहा पीत होता. ती म्हणाली, “तुमचं हेडक्लार्क लई इचारपूस करत्यात बगा.”

“कशाची?”

“जयसिंग कंच्या गाडीला बसतो, कंच्या गाडीनं येतो. कदी आदल्या गाडीनं माघारी येतो का, आसं बी इचारलं.”

त्यानं अर्धा कप तसाच फळीवर ठेवला.

पुढच्या सोमवारी तो सहीचे कागद घेऊन हैबतरावांच्या टेबलापाशी गेला. टिपकागदाच्या खालून एका पाकिटाचा कोपरा डोकावत होता आणि त्यावर गोल शिक्का होता. फ्लाइंग क्लबाचा. हैबतरावांनी झटकन त्यावर फाईल ओढली.

“काय बगतोस?”

“काय न्हाई.”

“मंग जा की कामाला.”

जयसिंगला आता उलगडा झाला. यांनी थेट क्लबालाच पत्र घातलंय. वहीत तारखा जमवतायत. पुरावा पुरता झाला की एक दिवस सगळं मुंबईला धाडणार. घरी आल्यावर तो न जेवताच उठला. कपाटाचं दार उघडून त्या कागदापुढं कितीतरी वेळ उभा राहिला. तो फाडायला हात काही होईना.

आणि त्याच आठवड्यात क्लबातल्या शिक्षकांचं पत्र आलं. लांब पल्ल्याच्या उड्डाणाची चाचणी गुरुवारी. परीक्षक एकच दिवस येणार. हुकली तर पुन्हा सहा महिने नाव नाही.

गुरुवार! दर गुरुवारी हैबतराव कागदपत्रं घेऊन पुण्याच्या मोठ्या कचेरीत जात. म्हणजे त्या दिवशी धरणावर जयसिंग हवाच. रजा मागण्यात अर्थ नव्हता. त्यानं गेणबाला बाजूला घेतलं.

“दर दोन तासांनी पाण्याची पट्टी बगायची आन् आकडा लिवून ठेवायचा. कुणी इचारलं तर माझ्या पोटात दुकतंय म्हणून सांग.”

“जावा तुमी,” गेणबा म्हणाला. “पाणी काय पळून जातंय व्हय?”

एस.टी.त हैबतराव असणार, म्हणून जयसिंगनं दुधाची गाडी धरली. पौड गेलं, पिरंगुट गेलं, तरी त्याची मान सारखी मागं वळत होती. पुण्यात पोचल्यावर मात्र त्याला हायसं वाटलं. तो क्लबाच्या फाटकातून आत शिरला आणि जागच्या जागी थिजला.

विमानाच्या छपरीपाशी हैबतराव उभे होते. बगलेत कागदांचं बाड. शिक्षक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते आणि हैबतराव माना डोलावत होते.

मागं फिरावं, असं एकदा मनात आलं. पण असं चोरासारखं जगून जयसिंग विटला होता. व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. तो सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

“रावसाहेब, मला समदं कळलंय. लपवाछपवी आता पुरे.”

हैबतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. बगलेतलं बाड खाली पडलं, तेही त्यांना कळलं नाही. त्यांनी जयसिंगचे दोन्ही हात घट्ट धरले.

“मोठ्या सायबांनी ठेवलं न्हवं तुला माझ्या पाळतीवर?” ते म्हणाले. “तीन वरसं हितं विमान शिकतोय रं मी. आजची परीक्षा तेवढी दिऊ दे, मंग मुंबईला काय कळवायचं ते कळीव.”