एका खोलीत एकच आवाज

"आवाज कुणाकुणाच्या कानात सोडायचा?" रेहानानं विचारलं. दबीरांच्या दिवाणखान्यात टीव्हीसाठी नवा कॉम्प्युटर कसा बसवायचा, ते ठरवायला ती आली होती. त्याला ना पंखा, ना घरघर. नाटक असो की गाणं, ज्याचं त्याला दिसणार आणि ज्याच्या त्याच्याच कानात उतरणार. सांगलीत आता घरोघरी असंच होतं.

"एकच आवाज ठेव गं, सगळ्या खोलीभर," वसुधाताई म्हणाल्या.

"अहो काकू, मग तो काकांनाही ऐकू येईल की!"

"येऊ दे."

यशवंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे तुझ्या त्या रडक्या मालिका आता मी ऐकायच्या?"

काल याच सोफ्यावर, मालिकेतली आजी गेली म्हणून वसुधाताई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. आणि शेजारी, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, यशवंतराव आपल्या कानातल्या फार्सला मांडीवर थाप मारून खदाखदा हसत होते.

रविवारी कॉम्प्युटर बसला. चालू आहे की बंद, तेही कळू नये इतका गप्प. पण तासाभरातच शेजारच्या आरवाडेवहिनी घाबऱ्याघुबऱ्या दारात आल्या. या घरातून एवढा आरडाओरडा त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"काय झालं हो?"

यशवंतरावांच्या हातून हिसकावलेला रिमोट पदराखाली दडवत वसुधाताई हसल्या.

"काही नाही हो. आम्ही दोघं मिळून टीव्ही बघतोय."